तिसऱ्या प्रश्नातले दोन आकडे

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि देवासमोर हात जोडतानाही मी ती शिताफीने वगळत आलो — त्याला काय, ठाऊक असेलच, असं म्हणून. तुमची माझी ओळख नाही, हे एका अर्थी बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगून झाल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं.

फार मोठं काही आहे असं समजू नका. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. विद्यापीठाच्या एका समितीतली, अभ्यासक्रमाच्या एका ओळीची ही हकीगत आहे. अशा समित्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, आणि सांगितल्या तर ऐकणारा जांभई देतो. मलासुद्धा पुष्कळ वर्षं वाटत असे, की एवढ्याशा गोष्टीला मी गुन्हा म्हणतोय म्हणजे माझीच काहीतरी हौस असावी. पण मग एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी वर्षं गप्प कशाला बसलो?

तर — मी मद्रासला एका कॉलेजात गणित शिकवत असे. आमचं घराणं तंजावरचं. घरात आम्ही बोलतो ती मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली, तर अर्धी त्याला समजते आणि उरलेल्या अर्धीवर तो गालातल्या गालात हसतो. ही जी मी लिहितोय ती पुस्तकं वाचून कमावलेली आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की 'आपली माणसं' हा शब्द पुढे येणार आहे. तो माझ्या फार उपयोगी पडला.

इंटर जाऊन प्री-युनिव्हर्सिटीचं एक वर्ष आणि त्यापुढे पदवीची तीन वर्षं, अशी नवी घडी बसत होती तेव्हाचे हे दिवस. जो तो नवे अभ्यासक्रम सुचवत होता. कॉलेजांनी प्रस्ताव पाठवायचे आणि आमच्या समितीने ते तपासायचे: पदवीला काय शिकवायचं, किती पेपर ठेवायचे, आणि त्या वर्गात बसायचं तर आधी काय शिकून आलेलं असावं. या शेवटच्या गोष्टीला आम्ही पूर्वअट म्हणत असू. मीटिंग समुद्राकडच्या खोलीत भरे. खिडक्या उघडल्या की कागद उडायचे, बंद केल्या की माणसं घामाने भिजायची. त्यामुळे प्रत्येक प्रस्तावावर एकेक शाईची दौत ठेवलेली असे. समितीत सर्वांत धाकटा मी — धाकटा म्हणजे छत्तीस वर्षांचा.

माझी ख्याती एकाच गोष्टीची होती. बारकावा! प्रस्तावातला स्वल्पविराम चुकला तरी मला दिसे, आणि दिसला की मी तो बोलून दाखवी. लोक वैतागत, पण अध्यक्षांना माझं कौतुक होतं. अध्यक्ष म्हणजे एक बुजुर्ग प्राध्यापक. पदवी परीक्षेचे पेपर कुणी काढायचे ते त्यांच्या शब्दावर ठरे, आणि त्या वर्षी यादीत माझं नाव पहिल्यांदा येणार असं त्यांनीच सूचित केलं होतं. पेपर काढणारा होणं म्हणजे आमच्या धंद्यात मिशी फुटण्यासारखं. तोवर तुम्ही नुसते शिकवणारे.

आता पद्माक्काबद्दल. ती आमच्या लांबच्या नात्यातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मुलींच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. मी शाळेत असताना मला भूमिती तिनेच शिकवली होती — तंजावरला, आमच्या ओसरीवर, खडूने जमिनीवर वर्तुळं काढून. तिच्या कॉलेजकडून संख्याशास्त्राच्या बी.एस्सी.चा प्रस्ताव आला. त्यात एक मागणी विचित्र होती. पूर्वअटीत प्री-युनिव्हर्सिटीचं गणित असावं असा आमचा नियम होता. अक्काचं म्हणणं, तो थोडा सैल करा.

कारण साधं होतं. त्या काळी मुलींच्या पुष्कळ शाळांत पूर्ण गणित शिकवतच नसत. मुलग्यांना बीजगणित, भूमिती, सगळं. मुलींना हिशेबापुरतं साधं गणित आणि वर शिवणकाम. शाळेत नाही म्हणून प्री-युनिव्हर्सिटीत नाही, तिथे नाही म्हणून पदवीला नाही. अक्का म्हणत होती, अशा मुलींना एक वर्ष पायाचं गणित आम्ही शिकवू आणि मग घ्या त्यांना. ती नुसतं म्हणून थांबली नव्हती. अकरा मुली गोळा करून तिने त्यांना वर्षभर दर शनिवारी नि रविवारी शिकवलंही होतं. प्रस्तावासोबत अकरा नावांची यादी होती. अट सैल झाली तर या अकराजणी बी.एस्सी.ला बसणार होत्या. नाही तर इतिहास, नाही तर घर.

समितीत दोन तट पडले. शेवटी अध्यक्षांनी मधला मार्ग काढला — या मुलींची एक परीक्षा घ्यावी. अकरांपैकी आठ जणींना पन्नास गुण मिळाले तर अट सैल, नाही तर विषय बंद. पेपर मी काढायचा आणि मीच तपासायचा. "तुम्ही आणि त्या बाई एकाच भाषेचे आहात," अध्यक्ष हसत म्हणाले, "म्हणून तुम्ही जास्तच कडक राहाल, याची मला खात्री आहे." सगळे हसले. मीही.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. पेपर फुटू नये म्हणून काढणारा तो कुणाला दाखवत नसे. टंकलेखकालासुद्धा नाही. स्टेन्सिल आपणच कापायची, प्रती आपणच काढायच्या, परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांबरोबर प्रश्नपत्रिकाही परत गोळा करून आपल्याकडे घ्यायच्या. मुली ज्या कॉलेजच्या, तिथल्या कुणी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आणि एकदा परीक्षकाने गुण दिले की समितीने त्यावर अवाक्षर काढायचं नाही. उत्तरपत्रिकांवर लाख लावून त्या बंद व्हायच्या. म्हणजे पेपर काढणारा चुकला, तर ते कळण्याची जागा जगात एकच — त्याचं स्वतःचं टेबल.

रविवारी सकाळी व्हरांड्यात बसून मी तपासायला घेतलं. बायकोने कॉफीचा टंबलर आणून ठेवला, तो तसाच निवला. पहिल्या मुलीने तिसरा प्रश्न कोराच सोडला होता. मला वाईट वाटलं, कारण तो सोपा होता. एका वर्गाच्या दोन तुकड्या, एका तुकडीची गुणांची सरासरी चाळीस, दुसरीची पन्नास, तर सगळ्या वर्गाची सरासरी काढा; आणि त्या उत्तरावर बेतलेले पुढचे दोन भाग. तीस गुणांचा प्रश्न. माझ्या वहीत उत्तर तयार होतं, चव्वेचाळीस. दुसरीने लिहिलं होतं पंचेचाळीस. तिसरीनेही पंचेचाळीस. मी मनात म्हटलं, बेरीज करून निम्मं केलं पोरींनी! तुकड्यांत मुली किती आहेत ते बघायला नको? — आणि लाल पेन्सिलीने फुली मारली.

मग आली सात नंबरची उत्तरपत्रिका. नावं नसत, नुसते नंबर. तिने तिसऱ्या प्रश्नाखाली दोनच ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक तुकडीत किती मुली आहेत हे प्रश्नात दिलेलं नाही. दोन्हींत सारख्या असल्या तर सरासरी पंचेचाळीस येईल. नसल्या तर ती काढता येणार नाही.

मी प्रश्नपत्रिका उचलली. वहीत माझ्या हस्ताक्षरात होतं — पहिल्या तुकडीत तीस, दुसरीत वीस. छापलेल्या कागदावर ती ओळच नव्हती. स्टेन्सिल कापताना मी एक ओळ गाळली होती. मी — स्वल्पविरामवाला.

त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, असं म्हणणंही अपुरं आहे. त्या प्रश्नाला जगात जे एकच बरोबर उत्तर होतं, ते तिने दिलं होतं. माझ्या बी.एस्सी.च्या वर्गात साठ मुलगे होते. त्यांतल्या कितीजणांनी असं लिहिलं असतं? मी स्वतः लिहिलं असतं?

उपाय अगदी सोपा होता, आणि तो मला ठाऊक होता. प्रश्न चुकला की परीक्षकाने अध्यक्षांना एक ओळीची चिठ्ठी लिहायची, आणि तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलेल्या सगळ्यांना त्याचे गुण द्यायचे. मी ते गणित तिथेच बसल्या बसल्या, कागदाच्या कोपऱ्यात, करून पाहिलं. चिठ्ठी लिहिली तर नऊ जणी पास. नाही लिहिली तर चार.

पुढे मी काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. पण का, ते सांगतो — कारण म्हणून नाही, निव्वळ काय झालं ते म्हणून. आमच्याकडे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पदवीच्या पेपरात एक प्रश्न चुकला होता. हुशार माणूस, पण तेव्हापासून त्यांची ओळख करून देताना लोक 'तो प्रश्न यांचाच' असं म्हणत. त्यांना पुन्हा पेपर मिळाला नाही. मी अध्यक्षांसमोर उभा राहून 'सर, ओळ गळाली' म्हणतोय, हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवेना. त्याऐवजी दुसरं एक वाक्य अलगद पुढे आलं — आपल्या माणसांचा प्रस्ताव, आणि ऐनवेळी परीक्षकच म्हणतो प्रश्न चुकला, सगळ्यांना गुण द्या. लोक काय म्हणतील? तंजावरची माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, असंच ना? हे वाक्य सापडलं आणि मला इतकं हलकं वाटलं, की मी निवलेली कॉफी गरम करून मागवली. माझी भीती आता कर्तव्यासारखी दिसू लागली होती.

सात नंबरला मी तिसऱ्या प्रश्नात शून्य दिलं. तिचे एकूण अठ्ठेचाळीस झाले.

मीटिंगमध्ये अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चार." एक वृद्ध सभासद बाहेरगावाहून येत असत, ते म्हणाले, की नुसत्या सुट्टीच्या दिवसांत शिकून चार जणी पास झाल्या, हे काही वाईट नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघायला हरकत काय? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. इथे मी नुसता गप्प बसलो असतो तरी ते बहुधा 'हो' म्हणाले असते. मी गप्प बसलो नाही. मी म्हटलं, "तिसरा प्रश्न तर अगदी प्राथमिक होता, सर." वृद्ध सभासदांनी मान हलवली आणि आपला कागद उलटा केला. अट कायम. ती पुढे आठ वर्षं कायम राहिली, मग एका साध्या दुरुस्तीत कुणाच्याही नकळत उडाली. त्या दुरुस्तीला अनुमोदन मी दिलं, आणि तेव्हा काही लोकांनी मला पुरोगामीही म्हटलं.

मीटिंग झाल्याच्या चौथ्या दिवशी अक्का घरी आली. ती नेहमी यायची तशीच, मागच्या दाराने, बायकोला हाक मारत. पण मग व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन बसली. निकालाबद्दल तिने तक्रार केली नाही. चार जणी झाल्या तेवढ्या झाल्या, म्हणाली. मग तिने एका मुलीबद्दल सांगितलं. वसंता नाव. बाप कुठल्याशा कचेरीत लेखनिक. त्याने मुलीला बजावलं होतं, की बी.एस्सी. मिळालं तर शीक, आणि खर्चाचं मी बघतो. पण इतिहास-बितिहास वाचायला मी कॉलेजात पाठवणार नाही. त्या पोरीला दोन गुण कमी पडले होते.

"रघू," अक्का म्हणाली, "तिसऱ्या प्रश्नांत तुकडींत किती पोरी तें दिलंच नव्हतं म्हणून सांगतात. अस्क्या, अकराच्या अकराजणी हेंच सांगतात. खरं का?"

माझ्या उजव्या हाताला टेबलाचा खण होता. त्यात ती प्रश्नपत्रिका होती. तिने एकदा जरी म्हटलं असतं, कागद दाखव — तर? तिने नाही म्हटलं. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

"दिलं होतं, अक्का," मी म्हटलं. "घाईत वाचलं नसेल त्यांनी."

"सेरी," ती म्हणाली. बरं, ठीक. आणि पुढे, "तर मग पोरी मजसमोर लबाड बोलल्या."

बायकोने अक्काला दोन डोसे खाऊन जायचा आग्रह केला, आणि ती खाऊन गेली.

यापुढचं मला अक्काकडूनच कळलं. तिने मुलींना एकत्र बसवून फैलावर घेतलं. नापास होण्याचं दुःख नाही, म्हणाली, पण पेपर काढणाऱ्यावर आळ घेता? दहा जणींनी मान खाली घातली. असेलही आमच्या नजरेतून सुटलं, असं म्हटलं. तुम्हीच सांगा, मास्तरीण एवढं ठामपणे सांगते आणि बाकीच्या नऊ जणी मान डोलावतात, तर कोण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार? एकटी वसंता हटेना. ती म्हणे, मी माझ्या उत्तरात तसं लिहिलंय, सरांना ते बघायला सांगा. तीन आठवडे ती तेच म्हणत राहिली. अक्काला तो हट्ट वाटला, मग उद्धटपणा वाटला. तिने त्या मुलीशी बोलणं टाकलं. अक्काच्या घरी जाऊन शिकायची सवय होती तिला. अक्काने ते दार बंद केलं.

मग एक दिवस अक्का पुन्हा आली. हातात एक बंद न केलेलं पाकीट.

"हें घे. वसंतानं लिहिलंय. मीच समोर बसवून लिहून घेतलं." अक्काचा आवाज खाली गेला होता. "पोर आहे रे ती. मनावर नको घेऊंस. आणि मीही तुज विचारायला आले होते, तें चुकलंच माझं."

इंग्रजीत लिहिलेलं पत्र होतं, वळणदार अक्षरात. प्रश्न मी काळजीपूर्वक वाचला नाही. माझी चूक परीक्षकांवर ढकलली. त्याबद्दल मी क्षमा मागते. खाली नाव. कुठे खाडाखोड नव्हती. 'वाचला नाही' हे लिहिताना तिला काय वाटलं असेल? मी त्याचा विचार त्या वेळी केला नाही. मी पहिल्यांदा स्वल्पविराम पाहिले. ते सगळे बरोबर होते.

मला लाज वाटली. फार वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत अंतर असतं, आणि ते मी ओलांडलं नाही. अक्का समोर बसली होती. मी तेव्हाही म्हणू शकलो असतो — अक्का, मुलगी खरं बोलतेय. पाच शब्द सुद्धा नाहीत.

अक्का म्हणाली, तिला दोन ओळींचं उत्तर दे, म्हणजे तिच्या मनावरचं ओझं जाईल. बाप तिला पुढच्या आठवड्यात गावी पाठवतोय, आत्याकडे. कॉलेज संपलं तिचं.

मी कागद ओढला. लिहिलं: तुमचं पत्र मिळालं. झालेल्या गोष्टीबद्दल माझ्या मनात राग नाही. यापुढे कुठलाही प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, इतकंच सुचवतो. मग एकदा वाचून पाहिलं, आणि सही केली.

अक्काने ते वाचलं. तिचे डोळे भरून आले. मोठ्या मनाचा आहेस, रघू, असं ती म्हणाली, आणि मी तिला तसं म्हणू दिलं. पत्र वसंताला मिळाल्याचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.